घरचे आवाज आणि बाहेरचे

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत बाळाराम गायकरांच्या निधनाचा शोकप्रस्ताव झाला. अक्षर चांगलं म्हणून चेअरमन शिरोडे यांनी तो लिहायला मलाच सांगितला. मी आता सेक्रेटरी नाही, पण रजिस्टर पुढे आलं की हात आपोआप चालतो. 'कै. गायकर हे मनमिळाऊ, सेवाभावी व सर्वांच्या मदतीला धावून जाणारे सभासद होते. त्यांच्या आजारपणात सोसायटीने त्यांना सर्वतोपरी सहकार्य केले.' सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग चहा आला आणि चहाबरोबर पार्किंगच्या पट्ट्यांचा विषय निघाला.

त्यातलं दुसरं वाक्य खोटं आहे. त्याच रजिस्टरात गायकरांबद्दल मी आधीही एकदा खोटं लिहिलं आहे, आणि ते जास्त वाईट होतं. माझं वय अठ्ठ्याहत्तर. रजिस्टरातली पानं मी आता बदलू शकत नाही, म्हणून हे वेगळ्या कागदावर लिहितो आहे.

गायकर मूळचे मोरिवलीचे. अंबरनाथच्या कारखान्यांच्या भिंतीला टेकलेलं ते गाव. भिंतीच्या ज्या बाजूला आमचा रंगांचा कारखाना होता, तिथे त्यांच्या आजोबांची भातखाचरं होती. त्यामुळे गायकर नोकरीवर येतायत असं कधी वाटायचं नाही. माणूस स्वतःच्या शेतावर यावा तसे ते यायचे, वेळेवर, पण कोणाकडे न बघता. मी टाइम ऑफिसात होतो. कार्ड पंच करताना सगळे कामगार मला 'गुड मॉर्निंग साहेब' म्हणायचे. गायकर पंचिंग मशीनकडे कान करून म्हणायचे, 'साहेब, हिची स्प्रिंग ढिली झाली.'

ते मेंटेनन्सला फिटर होते आणि त्यांचं खरं हत्यार म्हणजे एक लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालू मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. एकदा नवा इंजिनिअर आला होता. ब्लोअरपाशी गायकर असे उभे दिसल्यावर तो म्हणाला, 'क्या चाचा, गाना सुन रहे हो?'

'गाणं नाय, रडतंय ते,' गायकर म्हणाले. 'शुक्रवारी जाईल.'

'रिडिंग तो सब नॉर्मल है.'

'रिडिंगला कान हायेत काय?'

बेअरिंग गुरुवारी गेलं. सगळा कारखाना गायकरांचं कौतुक करत होता आणि ते एकटेच तोंड पाडून बसले होते. एक दिवस चुकला म्हणून.

शिकाऊ पोरांना ते एकच गोष्ट सांगायचे. 'आधी आवाजाचं तोंड शोधा. तो बोलतो काय, ते मागनं बघू.' म्हणजे आवाज कुठून येतो ते आधी ठरवा, मग त्याचा अर्थ लावा. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये बेअरिंग आणायला गेले की दुकानदार शेठ बॉक्स उघडायच्या आधी ते बॉक्स कानाशी हलवून बघायचे. शेठ वैतागायचा. 'अरे साईं, नारियल है क्या?'

निवृत्तीनंतर आम्ही दोघं चिखलोलीच्या एकाच सोसायटीत आलो. मी हौसेने आलो. ते आले कारण मोरिवलीचं घर भावाभावांत वाटलं गेलं. दोन वर्षांत त्यांची बायको गेली. मुलगी रंजना बदलापूरला दिलेली, ती रविवारी डबे घेऊन यायची. बाकीचे दिवस गायकरांनी सोसायटीच्या पंपाला वाहिले. पंपाच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला. सकाळ-संध्याकाळ पंप चालू करून ते त्या कोंदट खोलीत स्टुलावर बसायचे. खालून जाता जाता वर बघून सांगायचे, 'चारशे दोनची टाकी गळते.' ती गळत असायचीच. आणि हे सगळं फुकट. आम्हीही ते फुकट आहे म्हणूनच घेत होतो.

त्यांची आणखी एक खोड होती. ते कधी कोणाच्या दाराची बेल वाजवायचे नाहीत. दारात येऊन उभे राहायचे. अर्ध्या तासाने कोणी दार उघडलं तर म्हणायचे, 'पावलं ऐकली नाय काय?'

म्हणून ज्या सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली, तेव्हाच मला काहीतरी बिघडल्याचं कळलं.

'साहेब, तुमी मला आत्ता हाक मारली?'

'नाही.'

'वहिनींनी?'

'ती बाजारात गेलीये.'

त्यांनी मान हलवली. 'सहा दिवस झाले. घर शोधलं, गच्ची शोधली, डक्टमधी डोकं घालून बघितलं. तोंडच नाय त्याला.'

घाबरलेला माणूस असा बोलत नाही. ते बिघाड सांगत होते. आवाज तीन होते आणि तिघांनाही त्यांनी नावं ठेवली होती. एक मुकादम, तो सारख्या चुका काढायचा. 'बघ, डावी चप्पल आधी घातली. गाढव.' दुसरा शेठ, हिंदीतून बोलायचा, 'ये आदमी खतम है.' तिसरी बाई. ती फक्त हसायची. 'तिचाच तरास जास्त,' गायकर म्हणाले. 'मुकादमाला उत्तर तरी देता येतं.'

रंजनाने त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं. मानसोपचाराचे डॉक्टर तिथे आठवड्यातून एकदाच यायचे, दुसऱ्या गावाहून. नाव नोंदवून तारीख मिळाली ती नऊ आठवड्यांनंतरची. खाजगी डॉक्टरांचं तिने सुचवून पाहिलं, पण तिच्या सासरी 'लोक काय म्हणतील' सुरू झालं, आणि गायकरांनीच विषय संपवला. 'नऊ आठवडे ना? कारखान्यात शटडाउन याच्याहून लांब असायचा. काढू.'

ते नऊ आठवडे त्यांनी कसे काढले, हे मी जवळून पाहिलं आहे. कोणा शहाण्या माणसाला ते जमलं असतं असं मला वाटत नाही.

पहिल्यांदा त्यांनी आवाजांना पाळ्या लावल्या. 'संध्याकाळी सहा ते साडेसहा तुमची शिफ्ट. तवा काय ते बोला. आता गेटच्या बाहेर.' सहा वाजता खरंच गॅलरीत बसून तिघांचं ऐकून घ्यायचे. मुकादम कधी कधी ओव्हरटाइम करायचा, पण एकूण फरक पडला. मग डाव्या कानात कापूस घालून पाहिला, त्रास कमी झाला. बोलताना आवाज दबतात असं लक्षात आलं, तेव्हा जिन्यात, लिफ्टमध्ये ते मशीनच्या भागांची नावं पाठ म्हणू लागले. इंपेलर, शाफ्ट, ग्लँड, सील. बाहेर असताना उत्तर द्यावंसं वाटलं तर खिशातला जुना मोबाइल कानाला लावायचे. 'ह्याच्यात सिम नाय साहेब,' ते मला म्हणाले. 'पण रस्त्यात सगळेच एकटे बोलतात. मी पण त्यांच्यात खपतो.' सर्वात जास्त आराम मिळायचा तो पंपाच्या खोलीत. पंपाच्या घूंऽऽ मध्ये तिघंही बुडून जायचे.

आणि एक वही होती. लॉगबुकासारखी. वेळ, आवाज कोणता, काय बोलला. शेवटचा रकाना माझा. ते आवाज दोन प्रकारचे मानायचे. डोक्यातला तो घरचा, आणि खरोखर कोणी बोललेला तो बाहेरचा. काही ऐकू आलं की माझ्याकडे बघून एक बोट वर करायचे. 'घरचा की बाहेरचा?' मी सांगायचो. रिक्षावाला ओरडला तर बाहेरचा. कोणीच बोललं नसेल तर घरचा. मी घरचा म्हणालो की ते बोट खाली घेऊन पुढच्या कामाला लागायचे. मला न सांगता त्यांनी माझं मीटर केलं होतं. खरं सांगायचं तर मला त्यात मोठेपणा वाटायचा. आयुष्यात कोणी माझ्या शब्दावर इतकं चाललं नव्हतं.

त्या दिवसांत त्यांचा थोरला भाऊ मोरिवलीहून एक भगत घेऊन आला. भगताने लिंबू, तांदूळ मांडले, घुमून झालं आणि म्हणाला, 'हायेत. तिघं हायेत.'

गायकर एकदम पुढे सरकले. 'तुला ऐकायला येतात?'

'येतात ना.'

'मंग आत्ता मुकादम काय बोलला, सांग.'

भगत डोळे मिटून म्हणाला, 'तो बोलतो, मी ह्याला सोडणार नाय.'

'चूक,' गायकर म्हणाले. 'तो बोलला, ह्या भगताच्या लेंग्याची नाडी लोंबते.' सगळ्यांनी पाहिलं. लोंबत होती. भाऊ चिडून निघून गेला आणि गायकर कितीतरी वेळ हसत राहिले. नंतर मला म्हणाले, 'तुमी कसं, नाय तर नाय सांगता. म्हणून तुमच्याकडं येतो.'

हे वाक्य मला विसरता येत नाही.

सहाव्या आठवड्यात सोसायटीची मासिक सभा होती. आमच्या सभा पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून होतात. गायकरांची गॅलरी पहिल्या मजल्यावर, बरोबर वर. ते त्या वेळी पंपाच्या खोलीत असतील असं मी धरून चाललो. विषयपत्रिकेवर टाकीची सफाई होती, पण टाकीवर कोणी बोललंच नाही. तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण उभा राहिला.

'काका, बच्चे लोग डरते हैं यार. माझी मुलगी लिफ्टमध्ये जात नाही. ते आतमध्ये काय बोलत असतात, शाफ्ट, सील... कल को कुछ कर दिया तो?'

'पंपाची किल्ली अशा माणसाकडे ठेवायची म्हणजे काय,' कोणीतरी म्हणालं. 'पाण्याचा प्रश्न आहे.'

शिरोडे माझ्याकडे वळले. 'सेक्रेटरी, तुमचे दोस्त आहेत. तुम्हीच सांगा. का तुम्हालाही ऐकू यायला लागलं?'

सगळे हसले. तेवढ्या हसण्याला मी घाबरलो. बस, तेवढंच कारण. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. मी म्हणालो, 'दोस्त कसला? चाळीस वर्षांची ओळख, म्हणून सहन करतो. माणूस कामातून गेलाय. आज ना उद्या काहीतरी करणार, मी रोज बघतोय ना. मुलीने त्याला घेऊन जावं हे बरं.'

लोकांनी माना डोलावल्या. किल्ली काढून घ्यायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. शिरोडे म्हणाले, 'हे रजिस्टरात नको. उगाच कटकट.' मी इतिवृत्तात लिहिलं, 'टाकीच्या सफाईबाबत चर्चा झाली. इतर विषय नव्हते. सभा खेळीमेळीत पार पडली.'

दुसऱ्या दिवशी सकाळी गायकर वही घेऊन आले. चेहरा राखेसारखा झाला होता.

'साहेब, काल घरच्यांनी नवीनच केलं. आजवर तिघं होते. काल त्यांनी तुमचा आवाज काढला.'

वहीत सगळं उतरवून घेतलं होतं. 'दोस्त कसला', 'कामातून गेलाय', 'मुलीने घेऊन जावं'. एक शब्दही इकडचा तिकडे नव्हता. माझा रकाना मोकळा होता.

'घरचा की बाहेरचा?' त्यांनी विचारलं, आणि बोट वर करून धरलं.

मी म्हणालो, 'घरचा.'

त्यांचं समाधान होईना. 'काल खाली मीटिंग होती ना? माझं नाव निघालं नाय?'

मी उठलो, रजिस्टर आणलं आणि त्यांच्यापुढे उघडून ठेवलं. 'इतर विषय नव्हते' या ओळीवर त्यांनी बोट फिरवलं. लॉगबुकावर आयुष्य काढलेला माणूस तो. लिहिलेल्यावर त्याचा विश्वास होता. त्यांच्या खांद्यातला ताण उतरला आणि ते हसले.

'बरं झालं साहेब. मला काल जेवण गेलं नाय. म्हटलं, सावंतसाहेब असं बोलले तर मंग राहिलं काय?'

माझ्या बायकोने त्यांना पोहे दिले. त्यांनी दोन बश्या खाल्ल्या. मी समोर बसून बघत होतो.

वाईटाची सुरुवात त्यानंतर झाली, आणि तीही अगदी हिशोबशीर. गायकरांचं डोकं कसं चालायचं ते मला माहीत असायला हवं होतं. तीन दिवसांनी जिन्यात त्यांनी बोट वर केलं. मी म्हणालो, 'घरचा.' ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

'हे आत्ता तुमी बोलले, की त्यांनी तुमचा काढला?'

'अहो, मी समोर उभा आहे.'

'त्या दिवशी पण अगदी असाच होता. जराही फरक नव्हता.' ते खाली मान घालून विचार करत होते. 'मीटरच खराब झालं तर रिडिंग कशावर घ्यायचं?'

मग त्यांनी मला विचारणं सोडलं. त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडून किल्ली घेतली. ऑटोमॅटिक बसवतोय, असं सांगितलं. त्यांनी कमरेची किल्ली सोडून दिली. ऑटोमॅटिक आजतागायत बसलेलं नाही. वॉचमन पंप चालवतो.

राहिलेले आठवडे त्यांनी काढले खरे, पण आता ते एकटेच होते. घरचे आणि बाहेरचे वेगळे करता येईनात, तेव्हा त्यांनी सोपा उपाय काढला. कोणालाच उत्तर द्यायचं नाही. रिक्षावाले ओरडायचे, भाजीवाली हाका मारायची, ते सरळ चालत जायचे. आमच्या इमारतीत म्हणू लागले, 'बघा, आता तर ओळखतही नाहीत.'

तारखेच्या दिवशी रंजनाने मला बरोबर बोलावलं. 'काका, तुमचं ऐकतात ते,' ती म्हणाली. रुग्णालयात ती केसपेपरच्या रांगेत उभी राहिली आणि मी गायकरांजवळ बाकावर बसलो. तिची रांग लांब होती. नंबर आधीच लागला. शिपायाने दारातून नाव पुकारलं, 'बाळाराम गायकर!'

गायकर समोरच्या भिंतीकडे बघत होते.

'गायकर, तुमचं नाव घेतलं.'

ते हसले. कीव आल्यासारखं. 'माझं नाव ते दिवसात पन्नास येळा घेतात. आणि तुमचा आवाज तर रोज काढतात.'

'बाळाराम गायकर, आहे का कोणी?'

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो हिसडला आणि बाकाच्या टोकाला सरकले. लोक बघायला लागले. त्या क्षणी एकच गोष्ट त्यांना उठवू शकली असती. 'त्या दिवशी मीच बोललो होतो. तुमचा कान बरोबर होता.' एवढं सांगितलं असतं तर त्यांचं मीटर दुरुस्त झालं असतं आणि समोरचं दार दहा पावलांवर होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात रांगेतून रंजनाने वळून आमच्याकडे पाहिलं, 'सांभाळा हं' अशा खुणेने. मी तोंड मिटलं.

शिपायाने तिसऱ्यांदा पुकारलं आणि पुढचं नाव घेतलं. रंजना धावत आली, भांडली, रडली. आत दुसरा रुग्ण होता, त्याच्यानंतर तिसरा. एक वाजता डॉक्टर निघून गेले. खिडकीवरच्या बाईंनी नवी तारीख लिहून दिली. पुन्हा आठ आठवडे. परत येताना रिक्षात रंजना म्हणाली, 'काका, तुम्ही होतात म्हणून निदान शांत बसले तरी.'

त्या आठ आठवड्यांतले साडेतीनच पुरे झाले. गायकरांनी आतून कडी लावली आणि दोन दिवस उघडली नाही. आम्ही सगळे जिन्यात उभे होतो. रंजना दारावर डोकं टेकून 'बाबा, बाबा' करत होती. आतून त्यांचा आवाज आला. दमलेला होता, पण अगदी स्पष्ट.

'पोरीचा पण जमला काय रं तुमाला?'

रंजना खालीच बसली. शेवटी दार तोडलं. गायकरांनी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तरुणाच्या हाताला चावा घेतला. चौघांनी धरून, चादरीने हात बांधून त्यांना खाली आणलं आणि रुग्णवाहिकेत घातलं. नऊ आठवडे थांबून न मिळालेला डॉक्टर त्यांना असा मिळाला. शिरोडे म्हणाले, 'मी बोललो होतो की नाही?'

मोठ्या रुग्णालयात ते पाच महिने होते. मी एकदाही गेलो नाही. गुडघे दुखतात असं सांगत होतो, आणि गुडघे दुखतही होते.

नंतर रंजना त्यांना बदलापूरला आपल्या घरी घेऊन गेली. सासरच्यांशी भांडून नेलं. फ्लॅट भाड्याने दिला. दिवाळीच्या आसपास मी त्यांना भेटायला गेलो. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून ते टीव्हीवरच्या बातम्या बघत होते, मोठ्या आवाजात. अंग सुजल्यासारखं झालं होतं आणि हात सारखे हलत होते. फिटरचे हात. रंजनाने चहाचा कप त्यांना धरून पाजला.

'आवाज गेले सगळे,' ती मला आनंदाने सांगत होती. 'एकच राहिलंय. डॉक्टरांनी फाइलमध्ये पण लिहिलंय. म्हणतात, शेजारी मित्र आपल्याविरुद्ध बोलला असा पक्का भ्रम. ते तिघं खरे नव्हते हे पटलं त्यांना, तुमचं काही पटत नाही. त्याच्यासाठी दोनदा गोळी वाढवली. काका, तुम्ही मनावर घेऊ नका हं.'

ती कप घेऊन आत गेली. मी खुर्ची जवळ ओढली. टीव्हीच्या आवाजाखाली, कोणाला ऐकू जाणार नाही असं बोललो.

'गायकर, तो मीच होतो.'

ते टीव्हीकडे बघत राहिले. मला वाटलं, पोचलं नाही. मग म्हणाले, 'मला ठाऊक हाय.'

'कधीपासून?'

'तिकडं असताना. गोळ्यांनी ते तिघं गप झाले, तवा निवांत आठवून बघितलं.' त्यांची जीभ जड झाली होती. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे ते बोलत होते. 'ते तिघं कवाच खोकले नाय. एवढे महिने बोलत होते, पण एक येळ खोकला नाय, शिंक नाय. तुमी त्या दिवशी बोलता बोलता खोकले. "आज ना उद्या" च्या मागनं. घरचा आवाज खोकत नाय साहेब.'

मी म्हणालो, 'मला माफ करा.'

'डॉक्टरला बोललो हे. ते बोलले, अजून बरं नाय.' मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे मान वळवली. राग नव्हता. राग यायला जे लागतं ते गोळ्यांनी काढून नेलं असावं. 'मला सांगून काय उपेग? माझं कोण धरतो? पोरीला सांगा.'

'सांगतो.'

'आत्ता सांगा.'

मी उठलो. रंजना मला पोचवायला दारापर्यंत आली. तिच्या हातात फराळाची पिशवी होती, आमच्याकडे द्यायला. मी चपला घातल्या. उगाच पट्टा नीट करत वाकून राहिलो.

'किती बरे दिसतात ना आता?' ती म्हणाली. 'काका, त्या काळात तुम्ही एकटेच होतात त्यांच्या बाजूने. मी विसरणार नाही.'

मी सरळ उभा राहिलो. तिच्या खांद्यावरून आतली खोली दिसत होती. गायकर खुर्चीत पुढे झुकले होते. त्यांनी रिमोट धरला होता आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला होता. चेहरा आमच्याकडे नव्हता. कान होता.

मी म्हणालो, 'बरं आहे मग. येतो.'